गढीचा चौथा बुरूज : प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

गवत वाळलं, भिंती दिसू लागल्या. मोजणी दिवाळीपूर्वी सुरू करायचा बेत होता, तो बारगळला हे बरंच झालं. कंबरभर गवतात टेप सरळ पडत नाही, आणि साप-विंचवाचं भय वेगळंच.

जागा धाराशिव जिल्ह्याच्या पूर्व भागातली पाटलाची गढी. काम: गढी मोजणं, गावाच्या आठवणी नोंदवणं, डागडुजी. गावाचं आणि माणसांचं नाव नोंदीत येणार नाही. घरांना क्रमांक दिले आहेत. गढीचा ढाचा या भागातल्या इतर गढ्यांसारखाच: खाली दगडी बांधणी, वर पांढऱ्या मातीची भिंत, चार कोपऱ्यांत चार बुरूज.

आज बाहेरची मापं घेतली. उत्तर ३८.४ मीटर, पूर्व ३६.९, दक्षिण ३९.१, पश्चिम ३६.२. फक्त चार बाजू मोजून चालत नाही, त्याच चार बाजूंचे कितीही वेडेवाकडे चौकोन काढता येतात. म्हणून दोन्ही कर्ण घेतले: नैर्ऋत्य ते ईशान्य ५३.६, आग्नेय ते वायव्य ५२.९. चौकात ढिगारा असल्याने दोरी बांबूवरून ताणली. दोरी ओली होती. ती वाळल्यावर कर्ण पुन्हा मोजायचे.

उंचीसाठी गवंड्यांचा लेव्हल पाईप. १५ मीटर पारदर्शक नळी, आत पाणी. नळीत एक बुडबुडा राहिला तरी दोन-तीन सेंटिमीटरची चूक होते, म्हणून दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका पातळीला येतं का ते आधी पाहायचं. सकाळची पहिली सहा मापं याच कारणाने रद्द केली.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

कार्तिकी एकादशी. अर्धं गाव पंढरपुरात. फक्त फोटो काढले. मातीची भिंत एकाच रंगाची असल्याने फोटो एकमेकांना जोडताना संगणकाला जुळणीचे बिंदू सापडत नाहीत. भिंतीवर खडूने खुणा करायच्या नाहीत. पुठ्ठ्यावर आकडे लिहून ते काठ्यांना बांधले आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर रोवले. लागोपाठच्या दोन फोटोंत कमीत कमी दोन तृतीयांश भाग सामाईक हवा. ऊन चढल्यावर काढलेल्या फोटोंत जंग्या (गोळी झाडायची भोकं) काळ्याकुट्ट येतात. सात ते साडेआठ हीच वेळ चांगली.

१९ ते २२ नोव्हेंबर

बुधवारी २० तारखेला विधानसभेचं मतदान. पुण्या-मुंबईकडची माणसं गावी आली आहेत आणि ऊसतोडीच्या टोळ्या मतदानानंतर कारखान्यांवर निघतील. चार दिवसांत १४ घरांच्या मुलाखती उरकल्या. एरवी याला दोन महिने लागले असते.

पद्धत: आधी संमतीचा कागद वाचून दाखवायचा. मुलाखत कुणाला ऐकवायची, कुणाला नाही, हे त्यांनीच सांगायचं. रेकॉर्डर मांडीवर नको, पातळाची-धोतराची सळसळ येते; उशीवर ठेवायचा. पंखा बंद. शक्यतो एका वेळी एकच माणूस. दोन भाऊ एकत्र बसले की धाकटा थोरल्याचीच री ओढतो, आणि मग दोन आठवणी मिळाल्या असं वाटतं पण हातात एकच असते.

साल विचारायचं नाही, कुणालाच आठवत नाही. खुंटी द्यायची: बाहत्तरच्या दुष्काळाआधी का नंतर? पोलीस ॲक्शनच्या (१९४८, निजामाविरुद्धची लष्करी कारवाई) वेळी तुम्ही केवढे होता? किल्लारीच्या भूकंपाला ही भिंत उभी होती का? भूकंपाची खुंटी सगळ्यांत पक्की. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन करून आलेली माणसं झोपेत होती. त्या रात्री कोण कुठे निजलं होतं हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

डावं-उजवं हा शब्द मुलाखतीत बाद. घर ३ आणि घर ५ यांनी चूल 'उजव्या हाताला' सांगितली आणि दोघांच्या जागा समोरासमोरच्या निघाल्या. एक जण दारातून आत बघत होता, दुसरी आतून दाराकडे. आता उगवतीला, मावळतीला असंच विचारतो. जमलं तर माणसाला गढीतच नेतो आणि चालता चालता बोलतो.

२४ नोव्हेंबर, रविवार

मुलाखतींची छाननी. कोणाला काय आठवतं याला एक शिस्त आहे. पाटलांच्या घरातल्या पुरुषांना ढाळज (दारालगतची बैठकीची जागा), दरवाजा, बुरूज आठवतात. आतलं माजघर, न्हाणी, बळदाचं (भिंतीतल्या धान्यकोठीचं) तोंड, कोणत्या दिवळीत कोणता दिवा हे सगळं माहेरवाशिणींकडून मिळालं. लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या डोक्यात घर त्या वेळचं तसंच राहतं. इथे राहिलेल्यांच्या डोक्यात नंतरच्या पडझडीने जुनं पुसलेलं. वतनाची कामं करणाऱ्या घरांना (१, ९, १४) आत प्रवेशच नव्हता, त्यामुळे त्यांची आठवण बाहेरून आहे: दरवाजा किती वाजता लागायचा, दिंडीतून (मोठ्या दारातल्या छोट्या दारातून) काय दिलं जायचं, कोणत्या दगडापुढे पाऊल टाकायचं नाही. तो दगड अजून आहे. नकाशावर त्याची जागा टाकली: दरवाजाच्या उंबऱ्यापासून ११.३ मीटर पूर्वेला.

रझाकार (निजामाच्या बाजूची सशस्त्र संघटना) आणि पोलीस ॲक्शन (१३ ते १७ सप्टेंबर १९४८) यांबद्दल तीन घरं बोलली. त्यातली दोन ध्वनिमुद्रणं त्या घरांच्या सांगण्यावरून बंद ठेवली आहेत. सारांशही लिहायचा नाही.

चौथ्या बुरुजाबद्दल, म्हणजे नैर्ऋत्येच्या, तीन आठवणी आल्या आणि तिन्ही एकमेकींशी जुळत नाहीत. घर ३ (पाटील): रोहिल्यांच्या (लूटमार करणाऱ्या पठाण टोळ्यांच्या) वेळी याच बुरुजावरून गोळी चालली. घर १२ (वडार): पणजोबांनी मानमोडीच्या सालात याचा दगड वाहिला, मजुरी जोंधळ्यात मिळाली. घर ५ (पाटलांची माहेरवाशीण, वय ८०च्या पुढे): आत्याच्या लग्नात वऱ्हाडाला चार बुरूज दिसले पाहिजेत म्हणून घाईने उभा केला, 'त्यात उंदीर पण शिरला नाही कधी'.

३ डिसेंबर, मंगळवार

भुयार. प्रत्येक गढीला असतं आणि ते नदीवर किंवा देवळात निघतं. इथलं देवळात निघतं. सात घरांनी तसं सांगितलं. ढाळजेच्या कोपऱ्यात फरशीखाली तोंड आहे, रुंदी ५८ सेंटिमीटर.

आत कुणीही उतरलं नाही. मोबाईल आणि टॉर्च दोरीला बांधून सोडले. खोली ४.२ मीटर. आकार रांजणासारखा: तोंड अरुंद, पोट रुंद, तळ सपाट. कुठेही वाट फुटत नाही. आतल्या लिंपणात काडाचे ठसे आहेत. हे पेव आहे, धान्य साठवायचा जमिनीखालचा खड्डा.

वायुमापक भाड्याने आणला होता. तोंडाशी प्राणवायू २०.८ टक्के, तळाशी १५.९. १९.५च्या खाली माणसाने उतरायचं नाही, हा नियम. जुने लोक आधी कंदील सोडत. ज्योत साधारण १६ टक्क्यांच्या आसपास विझते, म्हणजे कंदील जेमतेम जळत असला तरी माणूस धोक्यात असतोच. ओलसर धान्य, कुजका पाला प्राणवायू खातात आणि कर्बवायू जड असल्याने तळाशी बसून राहतो. पेवात आधी उतरलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात, हे या भागात घडत आलेलं आहे. तोंडावर लोखंडी जाळी बसवून कुलूप घातलं.

भुयाराची आठवण नोंदवहीतून काढलेली नाही. ती सात घरांची आठवण आहे, आणि पेव हे मोजमाप आहे. दोन्हींचे रकाने वेगळे.

८ डिसेंबर, रविवार

मातीची चाचणी. चार बुरूज आणि मधली भिंत मिळून पाच नमुने, प्रत्येकी अर्धा किलो, गळून पडलेल्या मातीतून. उभी भिंत खरवडायची नाही. पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, दोन मिनिटं हलवायचं. वाळू मिनिटभरात बसते, पोयटा दोन-तीन तासांत, चिकणमातीला रात्र जाते. थर पट्टीने मोजायचे.

चार नमुन्यांत चिकणमाती १२ ते १५ टक्के, राखेचा करडेपणा, लिंबू पिळलं की फसफसतं. ही अस्सल पांढरी. माळवदावर (मातीच्या सपाट छपरावर) टाकायला लोक हीच नेतात, कारण तिच्यातून पाणी झिरपत नाही, आणि बहुतेक गढ्या नांगी टाकतात त्या लढाईने नव्हे तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने. या गढीची पूर्व भिंतही तशीच गेली.

पाचवा नमुना चौथ्या बुरुजाचा. त्यात चिकणमाती ३८ टक्के, रंग काळसर, फसफस नाही. ही शेतातली काळी.

१५ डिसेंबर, रविवार

दिवसभर एकाच कोपऱ्यात. चौथा बुरूज पश्चिम भिंतीला जिथे टेकतो तिथे वरपासून खालपर्यंत उभा सांधा आहे, रुंदी ३ ते ४ सेंटिमीटर. बाकीच्या तिन्ही बुरुजांचे दगड भिंतीत एकाआड एक गुंतलेले आहेत. इथे एकही नाही.

सांध्यात बारीक टॉर्च धरून पाहिलं. बुरुजाच्या मागे दडलेल्या भिंतीवर चुन्याचा गिलावा आहे. साधा लेप नाही, घोटलेला. गुळगुळीत, मध्ये गेरूची आडवी रेघ, एका जागी पावसाचा ओघळ वाळलेला. बुरूज मागाहून येणार असं ठाऊक असतं तर ती भिंत कुणी घोटली नसती, आणि ओघळ पडायला तिने काही पावसाळे उघड्यावर काढायला हवेत. आरसा आणि फोनचा कॅमेरा काठीला लावून १.१ मीटर आतपर्यंत फोटो घेतले.

जंग्या. इतर तीन बुरुजांत जंगी आतून ४५ सेंटिमीटर रुंद, बाहेरून १०, आणि खालच्या बाजूला उतरती, म्हणजे पायथ्याशी आलेला माणूस टिपता यावा. चौथ्यात सहा जंग्या. सगळ्या सपाट, २३ सेंटिमीटर खोल, मागे विटा लावून बंद आणि आतून काजळीचा हात दिलेला, लांबून भोक वाटावं म्हणून. वर जायला जिना नाही. आत पोकळीही नाही, माती आणि दगडगोट्यांचा भराव.

घर ५चं उंदराबद्दलचं वाक्य शब्दशः खरं आहे.

३१ डिसेंबर, मंगळवार

काल येळवस (वेळ अमावास्या). गाव शेतात, भज्जी आणि आंबिलीवर. गढीवर राखण ठेवायला कुणी तयार नव्हतं, आम्हीही आग्रह धरला नाही. आज सकाळी आग्नेय बुरुजाच्या पायाशी नवा खड्डा: १.४ मीटर लांब, ०.९ खोल, कडेला लिंबू, कुंकू, फुटका नारळ. अमावास्या, रिकामं गाव आणि गुप्तधन. पायाचे तीन दगड उघडे पडले.

खड्डा लगेच बुजवला नाही. आधी फोटो, कडांची मापं, उपसलेली माती चाळली. तांब्याची तीन नाणी मिळाली, झिजलेली. चिंच, राख, ब्रासो काहीही लावायचं नाही. हिरवा थर गेला की अक्षरंही जातात. कोरड्या कागदात गुंडाळून प्रत्येकी वेगळ्या पुडीत. १८७८च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांवरच्या मोलाचं जमिनीत सापडलेलं काहीही जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तलाठ्यांमार्फत लेखी कळवलं, पोच घेतली.

मग खड्डा भरला: १५ सेंटिमीटरचा थर, पाणी शिंपून धुम्मसने ठोकायचं, पुन्हा थर. एकदम ढकलून भरला असता तर पावसात तिथेच डबकं होऊन बुरूज बसला असता.

५ जानेवारी २०२५, रविवार

घर ३ने पेटीतली कागदपत्रं पाहू दिली. घराबाहेर न्यायची नाहीत, हे कबूल. ओसरीवर पांढरी चादर, वरून फोटो, प्रत्येक फोटोत मोजपट्टी. वाळवी लागलेली वही उलगडायची नाही, तशीच राहू दिली.

जमाखर्चाच्या एका मोडी वहीत 'बुरूज खाते' असं पान आहे. दगडवाहतूक, चुना, आणि पुढे पायलीच्या हिशेबात जोंधळे. वरती १३२८. पहिल्या वाचनात तो हिजरी धरून १९१० काढला गेला. चूक होती. निजामाच्या मुलखात दप्तरी हिशेब फसलीचा (महसुली सनाचा), आणि त्याच पानावर 'बहमन', 'तीर' अशी महिन्यांची नावं आहेत, ती हिजरीत नसतात. फसलीत ५९० मिळवायचे: १३२८ म्हणजे ऑक्टोबर १९१८ ते ऑक्टोबर १९१९. वर्ष आजूर महिन्यापासून, ऑक्टोबरात, सुरू होतं, म्हणून जानेवारीपासूनच्या महिन्यांना ५९१. 

१९१८ म्हणजे इन्फ्लुएन्झा. मानमोडी. वडारांच्या घराने साल न सांगता साल सांगितलं होतं.

लग्नाचा उल्लेख वहीत अजून सापडलेला नाही. त्याने घर ५चं म्हणणं खोटं ठरत नाही. रोहिल्यांचा धुमाकूळ या भागात अठराशे सत्तावनच्या उठावानंतरचा, म्हणजे गोळी चालली असेल तर ती दुसऱ्या कुठल्या तरी बुरुजावरून.

१९ जानेवारी, रविवार

ईशान्य बुरुजाची भेग. सगळं गाव म्हणतं, भूकंपाची. घर ८कडे लग्नाचा फोटो आहे, वऱ्हाड याच बुरुजापुढे उभं. लग्नपत्रिकेवरून साल १९८८. भिंगातून पाहिलं तर नवरदेवाच्या फेट्यामागून केसाएवढी रेघ वर गेलेली दिसते. भेग आधीची, भूकंपाने रुंदावली. मूळ कारण खालची काळी माती असावी: पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते.

भेगेवर काचेच्या तीन पट्ट्या बसवल्या, १५ बाय अडीच सेंटिमीटर, ३ मिलिमीटर जाड, दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये. भेग हलली की काच तडकते.

१६ फेब्रुवारी, रविवार

काचा शाबूत. पण पट्टी क्र. २ हाताने हलवली तर लिंपणासकट हातात आली. प्लास्टर मातीच्या पापुद्र्याला चिकटलं होतं, भिंतीला नाही. अशी काच कधीच तडकणार नाही आणि सगळं ठीक आहे असं खोटं सांगत राहील. तिन्ही काढल्या. आता भेगेच्या दोन्ही बाजूंना दगडाच्या सांध्यात पितळी खिळे, मधलं अंतर व्हर्नियर कॅलिपरने, महिन्यातून एकदा, सकाळी सातलाच. आजचं माप ८४.२ मिलिमीटर.

आग्नेय बुरुजावर काही वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा झाला आहे. वाजवून पाहिला, निम्मा पोकळ. आतली ओल बाहेर येऊ शकत नाही, माती ओली होऊन खाली सरकते आणि सिमेंटचा पापुद्रा तेवढा छान उभा राहतो. पोकळ भाग छिन्नीने आडव्या पट्ट्यांत काढला. चिकटलेला तसाच ठेवला, तो ओढला तर भिंत येते.

पिंपळ: बोटाएवढी रोपं पावसाळ्यात ओल्या भिंतीतून उपटायची. वायव्येचं मोठं झाड तोडायला गावात कुणी तयार नाही, आणि खरं तर त्याची मुळंच आता तो कोपरा धरून आहेत. फांद्या हलक्या करायच्या, एवढंच ठरलं.

२३ मार्च, रविवार

कळीचा चुना २०० किलो. भिजवताना पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उकळी फुटून अंगावर उडतो. चष्मा, हातमोजे सक्तीचे. टाकीत वर चार बोटं पाणी ठेवून किमान चार आठवडे. लवकर वापरला तर न भिजलेल्या गाठी भिंतीत फुगतात आणि लिंपणावर फोड येतात.

२७ एप्रिल, रविवार

भिंतीच्या माथ्यावर टोपी घालायला सुरुवात. प्रमाण: चुना १, वाळू दीड, सुरखी दीड. सुरखी कमी भाजलेल्या विटांची. खरपूस विटेची भुकटी चुन्याशी नीट धरत नाही. हिरड्याचं पाणी आणि गूळ जुन्या गवंड्याच्या हिशेबाने. जाडी ६ ते ८ सेंटिमीटर, उतार बाहेरच्या बाजूला, कडा दोन बोटं पुढे काढलेली, म्हणजे पाणी भिंतीवरून न ओघळता खाली पडेल. ४२ अंशांच्या उन्हात चुना पाणी गमावतो आणि नुसती पूड उरते, म्हणून ओलं गोणपाट, दिवसातून चार वेळा पाणी, तीन आठवडे.

चौथ्या बुरुजाला टोपी घालायची की नाही यावर बैठक झाली. 'नकली आहे, पडू दे' असं एक मत आलं. घातली. तो काढला तर मागची घोटलेली भिंतही उघडी पडेल.

२५ मे, रविवार

पाऊस वेळेच्या बराच आधी आला. मे महिन्यात असा पाऊस कुणी धरला नव्हता. पश्चिम भिंतीवरची शेवटची ९ मीटर टोपी पाच दिवसांची होती, ती धुपली. चुन्याचं दूध खालच्या मातीवर उतरलंय. आधीची २६ मीटर टिकली. तोटा साधारण ५५ किलो चुन्याचा. पुढच्या वर्षी काम फेब्रुवारीत सुरू करून एप्रिलअखेर संपवायचं. उघड्या भागावर ताडपत्री, पण भिंतीला चिकटवून नाही; खाली बांबू घालून हवा खेळती ठेवली.

८ जून, रविवार

भेगेचं माप ८३.६. पावसाने जमीन फुगल्यावर भेग मिटतेय, हे काळ्या मातीशी जुळतं. वर्षाचं चक्र पूर्ण झाल्याशिवाय भेग भरायची नाही.

फलकाचा मजकूर. घर ३ची 'शोभेचा बुरूज' या शब्दाला हरकत होती. तीन बैठकींनंतर ठरलेलं वाक्य: 'नैर्ऋत्य बुरूज : फसली १३२८ (१९१८–१९). बांधकाम मागाहूनचे. जंग्या बंद.' त्याखाली तिन्ही घरांच्या आठवणी, त्यांच्याच शब्दांत, सारख्या आकाराच्या अक्षरांत. वडारांच्या घराने पणजोबांचं नाव घालायला सांगितलं. ते घर ३च्या वहीतही आहे, मजुरीच्या रकान्यात, तीन पायल्या जोंधळ्यांपुढे. फलकावर ते येईल, या नोंदीत नाही.

बाकी: कर्ण कोरड्या दोरीने पुन्हा मोजणे. पेवाच्या जाळीला गंजरोधक रंग. घर ११च्या आजी नातवाकडे लातूरला आहेत, पोळ्याला येतील तेव्हा मुलाखत.